अमेरिकी सरकारी शाळांतला बायबलचा ऐच्छिक विषय: पार्श्वभूमी

दर एक-दोन वर्षांनी अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या राज्याच्या विधिमंडळात तेच विधेयक येते: सरकारी हायस्कूलमध्ये बायबल हा ऐच्छिक विषय ठेवावा. मग ठरलेला वाद पेटतो. न्यायालयाने हाकललेले बायबल आम्ही शाळेत परत आणतोय, असे एक बाजू म्हणते. शाळेचे चर्च करायला निघालेत, असे दुसरी म्हणते. माझ्या मते दोघांनीही शाळेतल्या बायबलवाचनावरचा सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ सालचा निकाल अर्धाच वाचलेला असतो. हा ऐच्छिक विषय आज ज्या रूपात दिसतो, ते रूप त्याच निकालाने दिलेले आहे.

मुळात तिथली शाळाच बायबलसाठी निघाली. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक ठेवणे बंधनकारक केले. लोकांना बायबलपासून दूर ठेवणे हा सैतानाचा डाव असतो आणि तो हाणून पाडायचा, असे कारणही कायद्यातच लिहिले होते. पोरे मुळाक्षरे गिरवत ती आदमच्या पापाच्या यमकांवर.

१८३७ मध्ये होरेस मान मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले आणि सर्वांसाठी फुकट सरकारी शाळा ही कल्पना जोर धरू लागली. पण ख्रिस्ती पंथांची आपसांतली भांडणे शाळेबाहेर कशी ठेवायची? मान यांनी तोडगा काढला: बायबल वाचायचे, पण त्यावर एका अक्षराचेही भाष्य करायचे नाही. प्रॉटेस्टंट पंथांना हे पटण्यासारखे होते. फक्त वाचायचे ते किंग जेम्स भाषांतर, म्हणजे प्रॉटेस्टंटांचे. आयर्लंडहून बोटी भरभरून येणाऱ्या कॅथलिकांचे बायबल वेगळे होते, त्यात ग्रंथ जास्त होते आणि त्यांच्या दहा आज्ञांचा क्रमही निराळा होता.

याची किंमत फिलाडेल्फियाने मोजली. तिथले बिशप फ्रान्सिस केनरिक यांनी शाळामंडळाकडे विनंती केली की कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे बायबल वाचू द्यावे. त्यातून कॅथलिकांना शाळेतून बायबलच काढायचे आहे, अशी आवई उठली. मे १८४४ मध्ये दंगल पेटली. सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टीन ही दोन चर्चे जाळली गेली, आयरिश वस्तीतली घरे राख झाली, माणसे मेली. जुलैत पुन्हा तेच, आणि या खेपेला लष्करी तुकड्यांना जमावावर गोळीबार करावा लागला. पंधरा वर्षांनी, १८५९ मध्ये, बॉस्टनच्या इलियट शाळेत एका कॅथलिक मुलाने प्रॉटेस्टंट पाठातल्या दहा आज्ञा म्हणायला नकार दिला. शिक्षकाने त्याच्या हातांवर सुमारे अर्धा तास छड्या मारल्या. प्रकरण कोर्टात गेले आणि शिक्षक निर्दोष सुटला. कॅथलिकांनी गावोगावी आपल्या वेगळ्या शाळा उभारल्या, त्यामागे असले अनुभव होते. बायबलच्या तासाला पहिला विरोध नास्तिकांनी केला असे आज सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. तो विरोध बायबल मानणाऱ्या, रोज प्रार्थना करणाऱ्या घरांतून आला.

मॅसॅच्युसेट्स ज्या भागात येते त्याच न्यू इंग्लंडच्या मुशीतून निघालेले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते: गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबई आणि नगर भागात शाळा काढल्या. सिंथिया फरार यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांवर काय परिणाम केला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण सरकारी शाळेत बायबल शिकवायचे की नाही, हा प्रश्न इंग्रज सरकारने इथे वेगळ्या तऱ्हेने सोडवला. १८५४ च्या वूडच्या खलित्यात सरकारी शिक्षण निधर्मी राहील असे स्पष्ट म्हटले होते. बायबल ग्रंथालयात असेल, ज्याला हवे त्याने काढून वाचावे.

अमेरिकेत मात्र हा तिढा एकेका राज्यात सुटत गेला. सिनसिनाटीच्या शाळामंडळाने १८६९ मध्ये बायबलवाचन थांबवले आणि पुढे ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. १८९० मध्ये विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने शाळेतले किंग जेम्स बायबलचे वाचन ही पंथीय शिकवण ठरवली. दुसरीकडे कित्येक राज्यांनी विसाव्या शतकात रोजचे वाचन कायद्यानेच सक्तीचे केले.

पेनसिल्व्हेनिया त्यांपैकीच एक. रोज सकाळी किमान दहा वचने, भाष्याविना. ॲबिंग्टनच्या हायस्कूलमध्ये विद्यार्थी ती वचने ध्वनिक्षेपकावरून वाचत आणि प्रत्येक वर्गात ती ऐकू येत. २६ नोव्हेंबर १९५६ रोजी एलरी शेम्प या सोळा वर्षांच्या मुलाने त्या वेळी कुराण उघडले आणि नंतरच्या प्रभूच्या प्रार्थनेला (येशूने शिकवलेल्या प्रार्थनेला) तो उठून उभा राहिला नाही. त्याची रवानगी मुख्याध्यापकांकडे झाली. युनिटेरियन पंथाच्या त्याच्या आईवडिलांनी खटला भरला.

१७ जून १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताने शेम्प कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. शाळेने चालवलेले भक्तिपर बायबलवाचन सरकारने कुठलाही धर्म प्रस्थापित करू नये असे सांगणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीच्या विरोधात ठरले. निकालाचा एवढाच भाग लोकांच्या लक्षात राहिला. पण तो लिहिणारे न्यायमूर्ती टॉम क्लार्क पुढे स्पष्ट म्हणतात की साहित्य आणि इतिहास म्हणून बायबल अभ्यासण्याजोगे आहे, आणि निधर्मी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तटस्थपणे ते शिकवायला या निकालाची आडकाठी नाही. ऐच्छिक विषयाची सगळी इमारत याच दोन वाक्यांवर उभी आहे.

तसे दक्षिणेत बायबलचे वर्ग आधीपासून होते. टेनेसीतल्या चॅटनुगा शहरात ते १९२२ पासून, देणग्यांच्या पैशावर चालत. १९७९-८० च्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने विषय ठेवायला हरकत घेतली नाही. शिक्षकांची निवड आणि अभ्यासक्रम शाळामंडळाच्याच हाती हवा, एवढे बजावले. फ्लोरिडातल्या ली काउंटीचा १९९८ चा खटला त्याहून बोलका आहे. जुन्या कराराचा वर्ग न्यायालयाने सुरू राहू दिला, नव्या कराराचा, म्हणजे बायबलमधल्या येशूविषयीच्या भागाचा, मात्र थांबवला. येशूचे पुनरुत्थान आणि चमत्कार निधर्मी इतिहास म्हणून शिकवायचे कसे, हे न्यायालयाच्या गळी उतरेना. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो, आणि त्याचे धड उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

पुढे राज्यांनी कायदेच केले. जॉर्जियाचा २००६ मध्ये, लगोलग २००७ मध्ये टेक्ससचा, २०१७ मध्ये केंटकीचा. टेक्ससच्या कायद्यात एक कलम आहे: एकमेव पाठ्यग्रंथ म्हणून ठरावीक भाषांतराची सक्ती विद्यार्थ्यावर करता येणार नाही. फिलाडेल्फियाचे बिशप केनरिक यांची मागणी याहून फार वेगळी नव्हती. कायद्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद होती, पण त्यासाठी विधिमंडळाने पैसा दिला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. २०११-१२ या वर्षात टेक्ससच्या ५७ शालेय जिल्ह्यांत (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागांत) हा विषय चालू होता. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातले धर्माभ्यासाचे प्राध्यापक मार्क चॅन्सी यांनी त्या वर्गांतले साहित्य तपासले. काही जिल्ह्यांनी खरोखर चांगले, अभ्यासू वर्ग चालवले होते. पण काही ठिकाणी पृथ्वीचे वय अवघे काही हजार वर्षे असल्याचे शिकवले जात होते, तर कुठे मानववंशांचे मूळ बायबलमधल्या जलप्रलयातून वाचलेल्या नोहाच्या मुलांपर्यंत नेऊन भिडवले होते. या दुसऱ्या गोष्टीने मन विषण्ण होते, कारण दक्षिणेत गुलामगिरीचे समर्थन करायला नोहाच्या एका मुलाच्या वंशाला मिळालेल्या शापाची हीच कथा वापरली गेली होती. कायद्यातली भाषा निर्दोष होती. पण वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला या विषयाचे शिक्षणच कुणी दिले नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्वीट करून अशा विधेयकांना पाठिंबा दिला आणि ती देशभर चर्चेत आली. त्यानंतरचे वळण अधिक मोठे. २०२२ च्या केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धर्म आणि शाळा यांच्या वादात लावायची जुनी कसोटी बाजूला सारली आणि ऐतिहासिक परंपरा पाहावी असे म्हटले. तेव्हापासून बायबलच्या समर्थकांची धाव ऐच्छिक तासाच्या पलीकडे गेली आहे. ओक्लाहोमाच्या शिक्षणप्रमुखांनी २०२४ मध्ये वर्गावर्गांत बायबल शिकवण्याचा आदेश काढला, तो त्यांच्यानंतर आलेल्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये मागे घेतला. टेक्ससच्या शिक्षण मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी प्राथमिक शाळांसाठी बायबलमधल्या कथांचे धडे असलेला अभ्यासक्रम मंजूर केला. तो स्वीकारणे जिल्ह्यांच्या मर्जीवर आहे, पण स्वीकारला तर विद्यार्थ्यामागे ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो. म्हणजे इथे निवड जिल्हा करतो. हायस्कूलच्या ऐच्छिक विषयात ती सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी स्वतः करतो. बालवाडीतल्या आणि पहिलीतल्या मुलाला ती सोय नाही.