पार्श्वभूमी : लिनक्स ड्रायव्हरचे दस्तऐवज करार कसे बनले

एम्बेडेड चिपचा नवा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्स कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) पाठवायचा असेल, तर पॅचमालिकेतला पहिला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलाचा पहिला तुकडा, सहसा सी भाषेतला नसतो. ती यामल या मजकूर-स्वरूपातली एक छोटी फाइल असते; तिला बाइंडिंग म्हणतात. या चिपला कोणते रजिस्टर-क्षेत्र लागते, इंटरप्ट किती, क्लॉक कोणते, वीजपुरवठा कुठून, एवढेच तिच्यात असते. आधी या फाइलीची छाननी होते, मग ड्रायव्हरची. ड्रायव्हर उत्तम चालत असूनही मालिका पहिल्या पॅचवरच महिनोन्‌महिने अडकते आणि नवख्या लेखकाला तो अन्याय वाटतो. हा क्रम मुख्यतः २०११ ते २०१३ या काळातल्या वादांतून ठरला.

त्याआधीचे थोडक्यात. पीसीतल्या जुन्या आयएसए विस्तार-कार्डांच्या काळात हार्डवेअरची माहिती माणसालाच ठेवावी लागे. जम्पर कुठे बसवला, इंटरप्ट ५ की ९, पोर्टचा पत्ता कोणता, हे बूट करताना किंवा मॉड्यूल (कर्नलचा हवा तेव्हा जोडायचा भाग) चढवताना हाताने सांगावे लागे. ड्रायव्हरने स्वतः शोध घ्यायचा म्हटले तर तो एकेक पोर्ट चाचपून पाही, आणि भलत्याच कार्डाला धक्का लागला तर यंत्र जागीच गोठे. पीसीआय या नंतरच्या जोडणी-पद्धतीने ही कटकट संपवली. कार्डच आपला उत्पादक क्रमांक आणि उपकरण क्रमांक सांगू लागले, ड्रायव्हर अशा क्रमांकांचा तक्ता सोबत बाळगू लागला. पीसीवर मग मुख्य प्रश्न उरला तो कोणते ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधायचे, कोणते मॉड्यूल म्हणून ठेवायचे आणि कोणते वगळायचे, हा.

त्या निवडीची व्यवस्थाही सहजासहजी ठरली नाही. २.४ मालिकेपर्यंत पर्यायांच्या फाइली वाचणारे तीन वेगवेगळे प्रोग्रॅम होते आणि एकाच फाइलीचा अर्थ तिघे सारखाच लावतील याची खात्री नव्हती. सगळ्या ड्रायव्हरांचा मदतीचा मजकूर मात्र एकाच अवाढव्य फाइलीत साठवलेला. पर्याय एकीकडे, स्पष्टीकरण दुसरीकडे. कोड बदलणाऱ्याला मजकूर बदलायचे भान राहत नसे. २००० च्या सुमारास पायथनमध्ये लिहिलेली नवी व्यवस्था पुढे आली. तिच्यामागे मोठी मेहनत होती, पण कर्नल बांधायला पायथन हवे ही अट आणि सगळे एका दमात बदलण्याचा आग्रह तिला भोवला. शेवटी ऑक्टोबर २००२ मध्ये २.५.४५ या आवृत्तीत केकॉन्फिग आले. त्यात सर्वांसाठी वाचक एकच होता आणि मदतीचा मजकूर थेट पर्यायाखाली लिहायचा होता. त्यातली ‘सिलेक्ट’ ही सोय दुसऱ्या पर्यायाच्या अटी न तपासता तो चालू करते आणि आजही बांधणी मोडते. तरी केकॉन्फिग टिकले, आणि माझ्या मते त्याचे श्रेय मजकूर आणि पर्याय एकत्र आणण्याला जाते.

खरा पेच आर्म प्रोसेसरांच्या जगात होता. चिपच्या पोटातले सिरियल पोर्ट, टायमर किंवा आय-टू-सी नियंत्रक स्वतःहून ओळख देत नाहीत. म्हणून प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेत एक बोर्ड फाइल लिहिली जाई. प्रत्येक बोर्डाला एका नोंदवहीतून क्रमांक मिळे, बूटलोडर (यंत्र सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) तो क्रमांक एका रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलकडे सूत्रे सोपवी आणि कर्नल त्यावरून आपली बोर्ड फाइल निवडे. ड्रायव्हरला लागणारी माहिती ‘प्लॅटफॉर्म डेटा’ नावाच्या संरचनेतून जाई, आणि ती संरचना प्रत्येक ड्रायव्हर आपापल्या मनाने ठरवी. हेडर फाइल हाच काय तो दस्तऐवज. तो कोणी तपासायचा हे ठरलेले नव्हते, कारण तो दस्तऐवज आहे असे कोणी मानतच नव्हते.

फोन आणि टॅब्लेट वाढले तसे हे ओझे फुगत गेले. २०१० मध्ये आर्मच्या पूर्वनिर्धारित कॉन्फिगरेशन फाइलींवरून खटका उडाला. त्यांत प्रत्येक पर्याय ओळीने लिहिलेला असे आणि जरा कुठे बदल झाला की हजारो ओळींचा पॅच येई. मूळ मूल्यापेक्षा वेगळे तेवढेच लिहायचे, असा तोडगा २.६.३६ मध्ये निघाला. तो पुरेसा नव्हता. मार्च २०११ मध्ये कर्नलच्या मुख्य देखभालकर्त्याने आर्ममधल्या या पसाऱ्यावर जाहीरपणे संताप व्यक्त केला आणि बोर्ड फाइलींचे दिवस भरले.

पर्याय हाताशी होता. डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्रातल्या हार्डवेअरचे झाडासारख्या रचनेत केलेले, कोडपासून वेगळे ठेवलेले वर्णन. ही कल्पना ओपन फर्मवेअर या यंत्र सुरू करणाऱ्या व्यवस्थेची, आणि त्याचे प्रमाण १९९४ चे. स्पार्क आणि पॉवरपीसी प्रोसेसरांची यंत्रे ती वापरतच होती. २००५ पासून पॉवरपीसीने तिचे सपाट बायनरी रूप स्वीकारले, म्हणजे संपूर्ण ओपन फर्मवेअर नसलेल्या बोर्डांनाही ती चालू लागली. या ट्रीमधल्या एका प्रकारच्या नोडमध्ये, म्हणजे उपकरणाच्या नोंदीत, कोणत्या प्रॉपर्टी असाव्यात आणि त्यांचा अर्थ काय, हे सांगणारा मजकूर म्हणजे बाइंडिंग. पॉवरपीसीच्या काळात सुरुवातीची बाइंडिंगे एकाच मजकूर फाइलीत होती. समुदाय लहान असल्यामुळे ते चालून गेले. आर्म आल्यावर त्यांना स्वतंत्र डिरेक्टरी मिळाली, फाइली झपाट्याने वाढल्या, आणि डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ या आवृत्तीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या आर्म चिपवर एकच कर्नल बूट होऊ शकला.

मग प्रश्न उभा राहिला. बाइंडिंग एकदा कर्नलमध्ये आले की ते कायमचे का?

एका बाजूचे म्हणणे असे. ट्री हा कर्नलचा भाग नाही. बोर्ड बनवणारा ती फ्लॅशमध्ये लिहून देतो, नंतर तिला कोणी हात लावत नाही. तेव्हा आज विकलेल्या बोर्डावरची ट्री पाच वर्षांनंतरच्या कर्नललाही समजली पाहिजे. यूजरस्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेरचा, जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालतो, तोच नियम इथेही लागू व्हावा. दुसरी बाजू व्यवहारावर बोट ठेवत होती. ट्रीच्या मूळ फाइली कर्नलच्याच संग्रहात आहेत, त्याच्याबरोबरच बांधल्या जातात, बोर्डावर दोन्ही एकत्रच चढवले जातात. मग एकमेकांशी जुळले की झाले. शिवाय पहिला ड्रायव्हर लिहिताना चिप अर्धीच कळलेली असते. मॅन्युअल अपुरे, काही रजिस्टरांचा अर्थ अंदाजाने लावलेला. अशा अवस्थेतले वर्णन गोठवणे म्हणजे चुका गोठवणे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दा पोकळ नव्हता. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एखाद्या नियंत्रकाचे क्लॉक बूटलोडर चालू ठेवून देतो, म्हणून पहिल्या बाइंडिंगमध्ये क्लॉकचा उल्लेखच नसतो. वर्षभराने क्लॉक नियंत्रकाचा ड्रायव्हर येतो आणि कोणीच न मागितलेले क्लॉक तो बंद करून टाकतो. आता उपकरणाला आपले क्लॉक मागावेच लागते, पण जुन्या ट्रीमध्ये ती प्रॉपर्टीच नाही. ती सक्तीची केली तर जुने बोर्ड बूट होणार नाहीत. ऐच्छिक ठेवली तर ड्रायव्हरमध्ये दोन वाटा कायमच्या सांभाळाव्या लागतात. अशा प्रत्येक ओझ्याचा भार देखभालकर्त्यावर पडतो आणि तो कमी लेखू नये.

मधला मार्गही सुचवला गेला. नवी बाइंडिंगे आधी प्रायोगिक ठरवायची, स्थिरावल्यावर पक्की करायची. वरवर पाहता सुज्ञपणाचा. पण कर्नलकडे असाच एक अनुभव जमा होता. सिसएफएसच्या, म्हणजे कर्नल आपली माहिती ज्यांतून बाहेर दाखवतो त्या, फाइलींसाठी २००६ पासून दस्तऐवजांचे चार वर्ग आहेत: स्थिर, चाचणीतले, कालबाह्य आणि काढून टाकलेले. बहुतेक नोंदी चाचणीच्या वर्गात शिरल्या आणि तिथेच राहिल्या, लोकांनी त्या पक्क्या समजूनच वापरल्या. ‘प्रायोगिक’ असा शिक्का मारला म्हणून बोर्ड विकायचे कोणी थांबत नाही. त्यामुळे हा मार्ग मागे पडला, आणि मला ते योग्य वाटते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये एडिनबरा इथे आर्मच्या देखभालकर्त्यांची बैठक झाली. तिथला निष्कर्ष नंतर कर्नलच्या दस्तऐवजांत नोंदवला गेला. नव्या कर्नलने जुन्या ट्रीवर मोडता कामा नये. पण याचा अर्थ बाइंडिंग गोठले असा नाही. नवी प्रॉपर्टी जोडता येते, मात्र ती नसेल तेव्हा ड्रायव्हरने पूर्वीसारखेच वागायचे. अर्थच बदलावा लागला तर ‘कम्पॅटिबल’ ही ओळखीची स्ट्रिंग बदलायची आणि ड्रायव्हरने जुनी-नवी दोन्ही ओळखायची. उलट दिशेचे आश्वासन, म्हणजे नवी ट्री जुन्या कर्नलवर चालेल असे, मात्र कोणीच दिले नाही. फर्मवेअरमधली ट्री अद्ययावत होते आणि वापरकर्ता जुन्या कर्नलवर असतो, तेव्हा ही उणीव बोचते.

हा करार किती चिवट आहे ते बारीकसारीक गोष्टींत दिसते. जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या) पिनांची प्रॉपर्टी अनेकवचनी रूपात लिहावी असा नियम झाला, तरी कर्नल आजही एकवचनी रूप वाचतो. नोड चालू आहे हे सांगणारी स्ट्रिंग प्रमाणात चार अक्षरी ‘okay’ आहे, पण दोन अक्षरी ‘ok’ देखील मान्य होते. त्याहून बोलके उदाहरण बटणांच्या बाइंडिंगचे. त्यातला कळ-क्रमांक ‘लिनक्स’ हा उपसर्ग लावून येतो, कारण तो क्रमांक लिनक्सचा आहे, बटणाचा नव्हे. हार्डवेअरच्या वर्णनात एका ऑपरेटिंग सिस्टिमची खूण अशी शिरून बसली, आणि ती आता निघणार नाही.

अशा अनुभवांतूनच छाननीचा मुख्य नियम कडक झाला: वर्णन हार्डवेअरचे करा, ड्रायव्हरचे नव्हे. बफर किती मोठा असावा हे ट्रीमध्ये येता कामा नये, कारण तो निर्णय सॉफ्टवेअरचा. कम्पॅटिबल स्ट्रिंगमध्ये चिपच्या नावातला आकडा गाळून सगळ्या कुटुंबासाठी एकच नाव चालत नाही. आधी नेमक्या चिपचे नाव द्यायचे, मग तिच्याशी जुळणाऱ्या जुन्या चिपचे. पुढे एखाद्याच चिपमध्ये दोष सापडला तर ती वेगळी ओळखता यावी, यासाठी हा खटाटोप. छाननीत सर्वाधिक खटके याच दोन मुद्द्यांवर उडतात.

निर्णय बरोबर होता, पण त्याच्या अंमलबजावणीची सोय मात्र कित्येक वर्षे नव्हती. बाइंडिंगे साध्या इंग्रजी गद्यात होती, आवश्यक आणि ऐच्छिक प्रॉपर्टींच्या याद्या ज्याला जशा सुचल्या तशा. प्रॉपर्टीच्या नावात एक अक्षर चुकले तर कंपायलर गप्प, कर्नलही गप्प; त्या प्रॉपर्टीकडे फक्त दुर्लक्ष होई. करार पाळला जातो की नाही, ते मोजक्या परीक्षकांनी डोळ्यांनी पाहायचे. इतके मोठे वचन इतक्या थोड्या माणसांवर सोपवणे ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी हेळसांड वाटते.

२०१९ च्या सुमारास यामलमधली स्कीमा, म्हणजे नियमांचा ठरीव साचा, आली आणि चित्र पालटले. बाइंडिंग आता यंत्राला वाचता येते. एक आज्ञा बाइंडिंग तपासते, दुसरी त्याच्या आधारे बोर्डांच्या ट्री तपासते. त्यातले उदाहरणही कंपाइल होते, त्यामुळे दस्तऐवजातले चुकीचे उदाहरण पूर्वीसारखे वर्षानुवर्षे निवांत पडून राहत नाही. हजारो जुन्या फाइली एकेक करून नव्या रूपात आणाव्या लागल्या, ते काम अजून चालू आहे, आणि तपासणीचे इशारे बऱ्याच जुन्या बोर्डांवर अजूनही येतात. कर्नलचे इतर दस्तऐवज २०१६ पासून डॉकबुक या जुन्या दस्तऐवज-साधनाकडून स्फिंक्स या नव्या साधनाकडे वळले, पण तो बदल प्रामुख्याने वाचकाच्या सोयीचा होता. बाइंडिंगांच्या बाबतीत दस्तऐवज स्वतःच तपासनीस झाला.

सर्व्हरच्या आर्म यंत्रांनी दरम्यान वेगळी वाट धरली. २०१५ मध्ये ४.१ या आवृत्तीत ६४-बिट आर्मसाठी एसीपीआय, म्हणजे पीसीवरची हार्डवेअर-वर्णनाची पद्धत, आली. तिथेही ट्रीसारख्या प्रॉपर्टी देण्याची सोय आहे, आणि एका खास ओळख-क्रमांकाद्वारे कम्पॅटिबल स्ट्रिंगही वापरता येते. म्हणजे ट्रीसाठी लिहिलेले बाइंडिंग ट्री नसलेल्या यंत्रावरही लागू पडू शकते. झेफिर या छोट्या उपकरणांच्या ऑपरेटिंग सिस्टिमने डिव्हाइस ट्री घेतली, पण तिथे ती बांधणीच्या वेळीच सी मॅक्रोंमध्ये विरघळते; जुनी ट्री आणि नवा कर्नल अशी गाठच पडत नाही.

बाइंडिंगे कर्नलबाहेर स्वतंत्र संग्रहात न्यावीत, ही सूचना २०१३ पासून वारंवार आली आहे. नव्या बाइंडिंगांना कर्नलच्या जीपीएल परवान्याबरोबर अधिक मोकळा बीएसडी परवानाही द्यावा असा आग्रह धरला जातो, तो इतर प्रकल्पांना ती घेता यावीत म्हणूनच. ट्री आणि बाइंडिंगांची कर्नलमधून काढलेली वेगळी प्रतही उपलब्ध आहे आणि यू-बूट हा बूटलोडर तिच्यातून फाइली घेऊ लागला आहे. पण ती केवळ प्रत आहे. बदल करायचा तर पॅच लिनक्सच्याच संग्रहाकडे पाठवावा लागतो, मग पाठवणारा लिनक्स वापरत असो वा नसो.