घंटी वाजते, मग आवाज का येत नाही?

कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनवरून किचनचा नंबर फिरवला की तो आधी आयपी पीबीएक्सकडे, म्हणजे नेटवर्कवरून बोलणाऱ्या फोनच्या एक्स्चेंजकडे, जातो. कोण कुणाशी बोलणार, कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) कोणता, आवाज कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर (त्या पत्त्यावरच्या कुठल्या दारात) टाकायचा, हे सगळं 'सिप'मधून, म्हणजे कॉल जुळवणाऱ्या निरोपांमधून, ठरतं. आवाज मात्र निराळ्या वाटेने, आरटीपीची (आवाज वाहून नेण्याच्या पद्धतीची) पाकिटं होऊन जातो. थेट जायची मुभा असेल तर एका फोनकडून दुसऱ्याकडे. रेकॉर्डिंग, कॉन्फरन्स किंवा दोन्हीकडे कोडेक वेगळे असले तर पीबीएक्समधून.

जी.७११ कोडेक सेकंदाला ८,००० नमुने घेतो, प्रत्येक ८ बिटांचा. दर २० मिलिसेकंदांना १६० बाइटचं पाकीट, त्यावर पत्ते वगैरे माहितीचं ४० बाइटचं वेष्टन. सेकंदाला ५० पाकिटं, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. इथरनेटचं वेष्टन धरून ८७. जी.७२९ या आवाज दाबून लहान करणाऱ्या कोडेकमध्ये आवाज फक्त २० बाइट, वेष्टन तेच ४०. आंब्यांपेक्षा पेटी जड!

हरवलेलं पाकीट पुन्हा मागवत नाहीत, कारण उशिरा आलेला शब्द काय कामाचा? मागेपुढे पोचणाऱ्या पाकिटांसाठी फोन थोडा साठा धरतो, त्याला जिटर बफर म्हणतात. तो वाढवला तर तुटकपणा कमी होतो, पण विलंब वाढतो. एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा. डिसेंबरात पाहुण्यांचे व्हिडिओ अपलोड होऊ लागले की लाइन तुंबते. म्हणून फोनना वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं स्वतंत्र जाळं) द्यावं, आवाजाच्या पाकिटांवर डीएससीपी ४६ची, म्हणजे 'आधी मला जाऊ द्या' अशी, खूण करावी आणि राउटरला ती पाळायला लावावी. बाहेरच्या इंटरनेटवर त्या खुणेला कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त छळते ती एकतर्फी आवाजाची तक्रार. समजा, पीबीएक्स मडगावच्या एखाद्या ऑफिसात राउटरमागे असतो आणि सिपच्या निरोपात आपला १९२.१६८.१.२० हा घरगुती, बाहेरून न सापडणारा पत्ता लिहून देतो. फोन-सेवादात्याचा सर्व्हर आवाज तिथे पाठवतो आणि तो कुठेच पोचत नाही. घंटी मात्र व्यवस्थित वाजलेली असते. राउटरमधलं 'सिप एएलजी' (निरोपांतले पत्ते आपणहून बदलणारी सोय) मदतीला धावतं आणि बरेचदा आणखी घोळ घालतं, म्हणून आधी ते बंद करावं. मग पीबीएक्सला बाहेरचा खरा पत्ता सांगावा आणि आरटीपीचे पोर्ट फायरवॉलमध्ये फक्त सेवादात्यासाठी उघडावेत.

बोलणं छान चालतं आणि दर वेळी ३२ सेकंदांच्या आसपास तुटतं? मग आवाजाची वाट तपासत बसू नका. 'फोन उचलला' याची पोच, म्हणजे एसीके, परत येत नाहीये. चूक सिपच्या वाटेवर आहे.