गरवणाऱ्याचं घड्याळ

शेजारच्या आबांकडे घड्याळ आहे, पण गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जायच्या दिवशी ते बघतात भिंतीवरचं पंचांग. तिथीवर बोट टेकवायचं, ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं आणि निकाल द्यायचा : "आज षष्ठी. म्हणजे साडेचार. त्यातला आपला एक तास काढ. साडेतीनला भरती, चारला सुकती लागेल. सव्वाचारला खाली ये."

सुकती म्हणजे ओहोटी. आणि हिशेब कोकणपट्टीत सगळीकडे चालतो तोच, तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार. लहानपणी मला ही जादू वाटायची. आता कळतं की तो चक्क भूमितीचा हिशेब आहे. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. पृथ्वी स्वतःभोवती तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ते १२ अंश भरून काढायला तिला ४८ मिनिटं जास्त लागतात. चंद्र रोज तेवढा उशिरा माथ्यावर येतो आणि त्याच्या मागोमाग भरतीही. ४८ मिनिटं तोंडी हिशेबाला अवघड, पाऊण तास सोपा. दिवसाला तीन मिनिटं सोडून दिली की गणित बोटांवर येतं.

आबांचा 'आपला एक तास' हा त्या सूत्राचा गोव्यापुरता अपवाद. अरबी समुद्रातली भरतीची लाट आपल्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. ती आधी गोव्याला लागते आणि मुंबईला साधारण तासाभराने. वर जाताना खाली उथळ जमिनीचा पट्टा रुंद होत जातो, तशी लाटेची उंचीही वाढत जाते. आपल्याकडे उधाणाला पाणी जेमतेम दोन मीटर चढतं-उतरतं, मुंबईला चार मीटरांच्या वर, आणि खंबातच्या आखातात भावनगरला दहाच्या आसपास. भावनगरात गरवायचं तर धक्क्यावर कुठल्या पायरीवर बसायचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, कारण तेव्हा सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. भरती उठवण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी, पण अष्टमीला तो काटकोनात उभा राहून चंद्राच्या कामात मोडता घालायला पुरतो. तेव्हाची मंद भरती म्हणजे भांग. उधाणाचं खरं पाणी मात्र तिथीच्या एक-दोन दिवस मागाहून येतं. शिवाय गोव्यात दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात, एक मोठी तर एक धाकटी. चंद्र बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या वर किंवा खाली असतो, त्याचा हा परिणाम.

हे सगळं आमिषाच्या सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, एका तुकड्यासाठी कशाला? तर गरीला पाण्याच्या उंचीपेक्षा पाण्याची चाल जास्त लागते. आम्ही बसतो पणजी-रायबंदरच्या जुन्या पोर्तुगीज रस्त्यापाशी, १६३० च्या दशकात बांधलेल्या. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. भरती पूर्ण भरून पाणी थांबलं की शिशाचा गोळा तळाला निपचित पडतो आणि आमिषाला फक्त कुर्ल्या, म्हणजे खेकडे, लागतात. कुरतड, कुरतड, मग रिकामी गरी. पंधरा-वीस मिनिटांनी खांबाला अडलेला पालापाचोळा हळूच समुद्राकडे तोंड फिरवतो. आबा तेव्हाच विडी विझवतात.

खाजनाच्या बांधात जिथे मानस, म्हणजे पाण्याची झडप, असते तिथे हे आणखी स्पष्ट दिसतं. मानशीची लाकडी दारं कुणी उघडत-मिटत नाही. बाहेर भरती चढली की पाण्याच्या दाबानेच ती मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी दारं ढकलून निघतं, सोबत सुंगटं आणि बारीक मासळी घेऊन. मोठे मासे तोंडाशी टपलेले असतात. तिथल्या मासेमारीचा मात्र लिलाव होतो, तेव्हा आपण लांब बसावं, नाहीतर ऐकून घ्यावं लागतं.

टपलेल्यांत मानाचा मासा चोणक. गढूळ पाण्यात, काळोखात तिला आमिष कळतं कसं? तिच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, जवळून पाहिली तर बारीक छिद्रांची रांग. त्या छिद्रांखाली आपल्या कानातल्यासारख्याच केसाळ पेशी असतात आणि पाण्याची हालचाल त्यांना जाणवते. सुंगटाने पाय झाडले तरी तिला कळतं. मग ती जवळ येते आणि चावण्याऐवजी जबडा फाकवते. तोंडाची पोकळी क्षणात एवढी मोठी होते की पाण्यासकट सुंगट आत ओढलं जातं. वरच्या थरात हे घडलं तर 'टप्प' असा आवाज येतो. तो एकदा ऐकलेला माणूस वाया गेला म्हणून समजावं.

इथे आबांशी माझं एक भांडण आहे. बोललो की ते डोळे वटारतात, "मासे पळतात रे!" हवेतल्या आवाजाच्या ऊर्जेचा हजारावा भागच पाण्यात उतरतो, बाकीचा पृष्ठभागावरूनच परततो. आमच्या गप्पा चोणकीला जवळजवळ ऐकू येत नाहीत. फळ्यांवर चपला आपटत फिरणं मात्र तिला थेट पोचतं, आणि ते आबाच करतात.

गाठीच्या बाबतीत ते गुरू. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, गरीच्या डोळ्यातून ओवायचा, स्वतःभोवती पाच-सहा वेढे द्यायचे आणि आवळण्याआधी थुंकी लावायची. मला किळस यायची, म्हणून मी कोरडीच ओढायचो. मग एका संध्याकाळी रीळ किरकिरलं, काठी वाकली आणि एकदम सैल पडली. टोकाला तंगूस आखडून कुरळा झालेला, अगदी गाठीच्या जागी. कोरड्या घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं तिथेच कमजोर होतं.

आबा म्हणाले, "मोठी होती, बायल असणार." हे त्यांनी अंदाजाने म्हटलं असेल, पण चोणकीत बहुतेक पिल्लं नर म्हणून वाढतात आणि काही वर्षांनी, मोठी झाल्यावर, मादी होतात.

आज अष्टमी. अष्टमीची पाऊणपट सहा, त्यातला तास वजा, म्हणजे पाचला भरती, आणि तीही भांगाची. पाणी धड चालणार नाही, कुर्ल्याच सुंगटं खाणार, हे दोघांनाही पाठ आहे. साडेपाचला खालून शिट्टी आली. मी फ्रीजमधला सुंगटांचा डबा काढला.