थाळीखालची मोटर

तानपुऱ्याच्या षड्जावर कान ठेवला की रेकॉर्ड प्लेयरची तब्येत लगेच कळते. दरबारीतला गंधार गवई मुद्दाम झुलवतो, मींड घेताना सूर वाकवतो, त्यामुळे गाण्यात थोडा हेलकावा आला तरी तो पटकन लक्षात येत नाही. तानपुरा मात्र आपली जागा सोडत नाही. तोच डुलायला लागला, तर थाळी एकसारखी फिरत नाहीये हे नक्की समजावं.

मामाच्या प्लेयरचं तेच झालं. मामा मस्कतला नोकरीला होता. १९८३ साली सुट्टीवर येताना त्याने एक जपानी डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल आणलं आणि ते चाळीस वर्षं रत्नागिरीच्या घरात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर वाजत राहिलं. मग एका पावसाळ्यानंतर ते विचित्र वागायला लागलं. कधी बटण दाबताच फिरे, कधी जागच्या जागी नुसतं थरथरे. थाळीला बोटाने जरा रेटा दिला की फिरू लागे, पण तानपुरा डुलतच राही. "मोटर गेली, आता मिळायची नाही," असं दोघा दुरुस्ती करणाऱ्यांनी सांगितलं. मला ते पटेना, कारण जी मोटर गेली म्हणायची ती अजून फिरत होती.

एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये जवळपास ६ टक्क्यांचं अंतर असतं. थाळी ६ टक्के वेगाने फिरली तर काळी दोनमधलं गाणं पांढरी तीनमध्ये जाऊन बसेल. एवढा कायमचा फरक कुणालाही कळेल. पण वेग क्षणाक्षणाला खालीवर होत असेल, तर कान फार थोडाही फरक पकडतो, विशेषतः सेकंदाला चारेक वेळा होणारा. म्हणून चांगल्या प्लेयरमध्ये ही चळ ०.१ टक्क्याच्या आत ठेवतात.

जुन्या प्लेयरमधल्या विजेच्या मोटरी मिनिटाला १५०० च्या आसपास फेरे घेत. तो वेग ४५ पटींनी कमी करून थाळीपर्यंत पोचवायला मध्ये रबरी चाक नाहीतर पट्टा असे. चाक झिजतं, पट्टा सैल पडतो, आणि मोटरची घरघर त्याच वाटेने थाळीत उतरते. सुई ज्या खाचेतून चालते तिची वळणं मायक्रोनमध्ये मोजायची असतात, त्यामुळे बोटाला न जाणवणारी घरघरही तिला जाणवते.

जपानमधल्या मात्सुशिता कंपनीचे अभियंते शुइची ओबाता यांनी यावर सरळ उपाय शोधला: मोटरच ३३⅓ फेऱ्यांनी फिरवायची आणि थाळी थेट तिच्या आसावर बसवायची. मधलं चाक गेलं, पट्टा गेला. हाच डायरेक्ट ड्राइव्ह. सेकंदाला अर्ध्याहून किंचित जास्त फेरा ही गती माणसाच्या कानाच्या टप्प्याच्या कितीतरी खाली आहे. त्यातून त्याच कंपनीच्या टेक्निक्स छापाचं एसपी-१० हे टर्नटेबल आलं, १९७२ मध्ये एसएल-१२००, आणि १९७९ मध्ये त्याची एमके-२ आवृत्ती. न्यूयॉर्कच्या डीजेंना ही यंत्रं आवडली, कारण तबकडी हाताने धरली तरी खालची थाळी चालत राहते आणि हात सोडताच तबकडी पुन्हा वेग पकडते. एमके-२ ची थाळी बटण दाबल्यापासून ०.७ सेकंदात पूर्ण वेगाला येते.

इतकी सावकाश मोटर एकसारखी फिरवणं मात्र अवघड. वेगाने फिरणाऱ्या मोटरमधले धक्के तिच्या स्वतःच्या भिंगरीतच मुरतात, सावकाश फिरणारीत ते सुटे सुटे जाणवतात. जात्यावर एकटी बाई दळायला बसली की खुंटा जवळ असताना हाताला जोर मिळतो, दूर गेला की तो कमी पडतो. समोर दुसरी बसली की जातं सलग फिरतं. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये बहुधा अशा तिघीजणी असतात, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांचे तीन गट. मधोमध चुंबकाचं कडं फिरतं आणि तिन्ही गट पाळीपाळीने त्याला ओढतात. एकीचा हात सुटू लागतो तेव्हा दुसरीचा जोर लागलेला असतो.

पण आता कुणाची पाळी, हे कळायला चुंबक कुठे आहे ते ठाऊक हवं. त्यासाठी बऱ्याच मोटरींमध्ये हॉल सेन्सर बसवलेले असतात. एडविन हॉल यांनी १८७९ साली सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडली, वर्खाला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि वर्खाच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज उमटलेलं मोजलं. तोच परिणाम चण्याच्या डाळीएवढ्या तुकड्यात बसवला की चुंबकाचा कोणता ध्रुव समोरून गेला हे कळतं. याशिवाय वेग सांगणारं एक वेगळं वेटोळं असतं. थाळी फिरली की त्यात लहानशी वीज-लहर उमटते. समजा एका फेऱ्यात १०० लहरी उमटल्या, तर ३३⅓ फेऱ्यांना सेकंदाला ५५.६ लहरी व्हायला हव्यात. सर्किट सतत ही गणती तपासतं, कमी पडली तर जोर वाढवतं, जास्त झाली तर घटवतं. क्वार्ट्झ असलेल्या मॉडेलांत ही तुलना मनगटी घड्याळासारख्या स्फटिकाच्या कंपनांशी होते. मामाच्या प्लेयरला क्वार्ट्झ नव्हतं, वेग जुळवायला पुढच्या बाजूला दोन लहान नॉब होते.

म्हणजे 'मोटर' या एका शब्दात जोर, जागेची जाण आणि वेगाची जाण अशा तीन गोष्टी आल्या. यातली कोणती गेली ते शोधल्याशिवाय मोटर बदलू नये. तीन गोष्टी तर प्लेयर न उघडताही तपासता येतात. तबकडीचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकलेलं असेल, तर मध्यापासून १० सेंटीमीटरवर सूर दर फेऱ्याला अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. ही चळ मोटरच्या चळीच्या कितीतरी पट. ओळखायची खूण सोपी: टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, दर फेऱ्याला डावी-उजवीकडे झुलत असेल तर दोष तबकडीचा. दुसरं, वेगाचे नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवावेत, आतली काजळी निघते. तिसरं म्हणजे वेग निवडायचा खटका, तोही असाच वरखाली करावा. कित्येक 'गेलेल्या' मोटरी एवढ्याने बऱ्या होतात. आमची झाली नाही.

उघडण्याआधी प्लग काढला, सुईचं कार्ट्रिज आणि झाकण उतरवलं, टोनआर्म बांधला. ट्रान्सफॉर्मर याच खोक्यात असतो आणि तिथे २३० व्होल्ट येतात, तेव्हा "बटण बंद आहे" एवढ्यावर विसंबू नये. थाळीला दोन भोकं असतात. त्यांत बोटं घालून सरळ वर ओढायचं, तिरकं ओढलं तर आस वाकतो. (एसएल-१२०० एमके-२ मध्ये चुंबकाचं कडं थाळीच्याच पोटाला जडवलेलं असतं, म्हणजे थाळी हाच मोटरचा अर्धा भाग. ती उपडी ठेवली की लोखंडाचा कीस चिकटतो, तो चिकटपट्टीने टिपून काढावा.) आमच्या यंत्रात मोटर सुटी होती, सर्किटच्या पट्टीसकट तीन स्क्रूंनी खालून बसवलेली.

तिन्ही गटांची एकेक टोकं बाहेर आलेली होती आणि दुसरी टोकं आत एकत्र जोडलेली. मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे तारेचा रोध मोजायला ठेवून टोकं दोन-दोन करून तपासली. दुसऱ्या-तिसऱ्याच्या जोडीत ११ ओहम. पहिल्या-दुसऱ्याच्या जोडीत काहीच नाही, पहिल्या-तिसऱ्यातही नाही. तीनपैकी दोन जोड्या तुटक दिसल्या तरी नादुरुस्त गट एकच असतो, दोन्ही जोड्यांत असलेला तो पहिला. मग बोटाच्या रेट्याचं कोडं सुटलं. जात्यावरची एक बाई उठून गेली होती. थाळी नेमकी तिच्या पाळीवर थांबली की जातं सुरू होईना. बोटाने तेवढी जागा ओलांडून दिली की उरलेल्या दोघी ते फिरवत, पण दर वेळी ती रिकामी जागा आली की जोर खचे आणि तानपुरा डुले.

भिंग लावून पाहिलं. वेटोळ्याच्या मुळाशी, जिथे तार पट्टीला मिळते तिथे, हिरवा कळंक चढला होता. कळकलेल्या पितळेच्या भांड्यावर चढतो तोच. केसाएवढी तार त्याने खाल्ली होती आणि तुटलेलं टोक वेटोळ्याच्या आतल्या थरात गेलेलं. मी दोन संध्याकाळी ते बाहेर काढायचा प्रयत्न केला. तार आणखी आत तुटली, तेव्हा थांबले.

दुसरी कुठलीही मोटर इथे चालत नाही. एका फेऱ्यात किती लहरी उमटतात, चुंबकाला किती ध्रुव आहेत, वेटोळ्यांचा रोध किती, हे सगळं त्या सर्किटशी जुळावं लागतं, नाहीतर सर्किटची गणतीच चुकते. म्हणून त्याच मॉडेलचा, टोनआर्म मोडलेला प्लेयर शोधला. तो मुंबईत चोरबाजारात मिळाला. विकत घेण्याआधी दुकानातच थाळी काढून तिन्ही जोड्या मोजल्या: ११, ११, ११.

घरी आल्यावर आधी त्यातल्या मोटरचं बेअरिंग पाहिलं. चाळीस वर्षांचं तेल काकवीसारखं झालं होतं. ते पुसून शिवणयंत्राच्या पातळ तेलाचे दोन थेंब सोडले. खोबरेल घालू नये, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. जुन्या मोटरच्या तारा सोडवण्यापूर्वी प्रत्येक तारेचा जवळून फोटो घेतला, कारण एकाच रंगाच्या दोन तारा निघाल्या. सोल्डरिंगला अर्धा तास लागला. मग थाळी बसवली. थाळीशिवाय अशी मोटर चालवून पाहू नये. सर्किटची चाल थाळीच्या वजनाचा हिशेब धरून बसवलेली असते, वजनच नसलं तर वेग खालीवर हेलपाटतो.

बटण दाबलं आणि थाळी सुटलीच! बघता बघता वेग इतका वाढला की मी घाबरून प्लग ओढला. पाच मिनिटं विचार केल्यावर उलगडा झाला. वेग सांगणारी तार तुटली की मोटर थांबत नाही, उलट बेफाम होते. लहरी येत नाहीत, म्हणजे थाळी फिरत नाहीये, असं सर्किट धरून चालतं आणि होता नव्हता तो सगळा जोर लावतं. मी लावलेल्या एका सोल्डरचा थेंब वरून चकचकीत होता, पण आत तारेला चिकटलाच नव्हता. तो पुन्हा वितळवला आणि थाळी शहाण्यासारखी फिरू लागली.

आता वेग बरोबर करायचा होता. थाळीच्या कडेच्या ठिपक्यांवर उजेड टाकणारा निऑन दिवा केव्हाच गेलेला. म्हणून कागदावर १८० रेघांचं वर्तुळ छापून घेतलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, जुन्या चोकवाली ट्यूबलाइट तिच्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे मिनिटाला ६००० वेळा. ६००० भागिले ३३⅓ म्हणजे बरोबर १८०. वेग अचूक असेल तर प्रत्येक लुकलुकीला मागची रेघ पुढच्या रेघेच्या जागी येते आणि रेघा थबकलेल्या दिसतात. ४५ फेऱ्यांसाठी हाच भागाकार १३३⅓ येतो. तिसरा हिस्सा रेघ काढता येत नाही, म्हणून १३३ रेघांचं वर्तुळ वापरतात आणि त्यावर थबकलेला वेग खरं तर ४५.११ असतो. घरातल्या एलईडी दिव्याखाली बहुधा हे जमत नाही, चांगला एलईडी असा लुकलुकतच नाही. मागच्या पडवीत एक जुनी ट्यूब होती, प्लेयर उचलून तिथे नेला.

प्लेयर वीस मिनिटं तापू दिला आणि पुढचा नॉब मधोमध ठेवला. मग आतला बारीक स्क्रू प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवत गेले. रेघा आधी पुढे सरकत होत्या, मग रेंगाळल्या, मग उभ्या राहिल्या. सुई टेकवली तरी त्या हलल्या नाहीत. त्याचा हिशेबही सोपा आहे. दोन ग्रॅमच्या सुईचा तबकडीला होणारा अटकाव तिच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धरला, तर सगळ्यात बाहेरच्या खाचेवर तो दहाएक ग्रॅम-सेंटीमीटर भरतो. एमके-२ सारख्या मोटरचा सुरुवातीचा जोर १५०० ग्रॅम-सेंटीमीटर आहे. मामाची मोटर त्याहून बरीच हलकी, तरीही सुई तिला जड नाही.

त्या रात्री मामाने स्वतः रेकॉर्ड काढली. सुरुवातीला तानपुरा अर्धा मिनिट एकटाच वाजतो, तेवढा ऐकून तो "आता गाणं लाव" म्हणाला, जणू गाणं अजून सुरूच झालं नव्हतं.

जुनी मोटर मी टाकलेली नाही. तिचं बेअरिंग, दोन धड गट आणि हॉल सेन्सर जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. चोरबाजारातून आणलेली मोटरही चाळीस वर्षांचीच आहे आणि समुद्र तितकाच जवळ.