त्वचेपार वीज व माहितीचे बिनतारी वहन

मेंदूत, अंतर्कर्णात किंवा चेतांवर (मज्जातंतूंवर) बसवलेल्या इम्प्लांटला त्वचा अखंड ठेवून बाहेरून वीज पुरवणे व त्याच्याशी माहितीची देवाणघेवाण करणे. सरळ तार जोडायची सोडून हा द्राविडी प्राणायाम करण्याचे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. तार त्वचेतून बाहेर काढली, तर तिच्याभोवतीची फट नीट मिटत नाही आणि जंतूंना आत शिरायला कायमची वाट मिळते.

सर्वांत रुळलेली पद्धत विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाची. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू यावे म्हणून अंतर्कर्णात बसवलेले उपकरण) वापरणाऱ्यांच्या कानामागे, केसांत एक छोटी चकती दिसते. तिच्यातल्या कॉइलमधून काही मेगाहर्ट्‌झचा प्रवाह खेळतो आणि त्वचेखाली काही मिलिमीटरवर असलेल्या दुसऱ्या कॉइलमध्ये वीज निर्माण करतो. दोन्हींच्या मध्यभागी चुंबक असल्याने चकती जवळ नेली की आपसूक जागेवर बसते. काढली की ऐकू येणे तत्क्षणी बंद, कारण आतल्या भागात सहसा बॅटरी नसतेच. एमआरआयच्या वेळी मात्र हाच सोयीचा चुंबक डोकेदुखी ठरतो. इम्प्लांटची टायटॅनियमची डबी चुंबकी क्षेत्र अडवते, म्हणून कॉइल बहुधा डबीबाहेर, सिलिकॉनमध्ये गुंडाळून ठेवतात.

कल्पना जुनी आहे. 1957 साली पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणचेतेला प्रवर्तन कॉइलमधून उत्तेजन दिले; ते उपकरण फार टिकले नाही. 1968 मध्ये ब्रिंडली आणि लेविन यांनी एका अंध महिलेच्या मेंदूवर इलेक्ट्रोड आणि डोक्याच्या त्वचेखाली 80 रेडिओ रिसीव्हर बसवल्याचे प्रसिद्ध केले. उत्तेजन दिले की तिला प्रकाशाचे ठिपके दिसत.

खरी ओढाताण वीज आणि माहिती यांच्यात आहे. वीज कार्यक्षमतेने पोचवायची तर सर्किट एकाच वारंवारतेला घट्ट जुळलेले हवे. असे सर्किट घंटेसारखे घुमत राहते. माहितीसाठी संकेत झटपट बदलावा लागतो, आणि घुमणारी घंटा झटकन थांबत नाही. म्हणून पुष्कळदा दोन्हींसाठी वेगळे मार्ग ठेवतात. उलट दिशेची, म्हणजे आतून बाहेर माहिती धाडण्याची युक्ती सुरेख आहे: इम्प्लांट स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही, फक्त आपण ओढत असलेल्या विजेचा बोजा कमीजास्त करते आणि ती चुळबुळ बाहेरच्या कॉइलला जाणवते. पण तिचा वेग बेताचाच. 1,000 इलेक्ट्रोड, प्रत्येकाची सेकंदाला 20,000 मोजमापे आणि प्रत्येक मोजमाप 10 बिटांचे धरले, तर सेकंदाला 20 कोटी बिट होतात. एवढे ओझे पेलवत नाही म्हणून कच्चा संकेत आतच चाळून फक्त चेतापेशींचे ठोके (त्यांचे क्षणिक विद्युत् संकेत) बाहेर धाडतात. मात्र ही चाळणीही वीज खाते आणि तापते, आणि इम्प्लांटचा पृष्ठभाग शरीरापेक्षा 2 अंश सेल्सिअसहून अधिक तापू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे.

इम्प्लांट वाळूच्या खड्याएवढे झाले, की त्यात मावणारी कॉइल फारच थोडी वीज पकडते. तिथे श्राव्यातीत ध्वनी (अल्ट्रासाउंड) सरस ठरतो, कारण 1 मेगाहर्ट्‌झला ऊतींमधली त्याची तरंगलांबी जेमतेम दीड मिलिमीटर असते, म्हणून इवल्याशा इम्प्लांटलाही तो पकडता येतो. बर्कलीतील संशोधकांनी 2016 मध्ये उंदराच्या चेतेवर अशी ‘चेताधूळ’ चालवून दाखवली. कवटीचे हाड मात्र हा ध्वनी मोठ्या प्रमाणात गिळते.