सुईची तारीख आणि उसाचा फड

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्रात १ ऑक्टोबरला ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईने ‘अंतरा’ची, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून देतात ती सुई घेतली, असं धरू. सुई फुकट आणि दर १३ आठवड्यांनी, म्हणजे पुढची ३१ डिसेंबरला. उशीर झाला तर चार आठवड्यांची सवड असते, म्हणजे २८ जानेवारीपर्यंत. पण तोवर तिचा कोयता कोल्हापूरच्या नाहीतर बेळगावच्या फडात असतो आणि कारखान्याचा पट्टा मार्च-एप्रिलशिवाय पडत नाही, म्हणजे हंगाम संपत नाही. सुईसाठी दवाखाना गाठायचा तर खाडा पडतो. उचल घेतलेली असते, मुकादम खाडा मांडतोच. सुई राहते.

सरकारी वहीत अशा बाईपुढे ‘साधन सोडलं’ असं लागतं. तिने काहीही सोडलेलं नसतं.

लोकसंख्येचा अभ्यास करणारे मोठ्या सर्वेक्षणांत गेल्या काही वर्षांचं कॅलेंडर महिन्यागणिक भरून घेतात: कोणत्या महिन्यात काय वापरलं, कधी थांबलं, का थांबलं. मूल हवं होतं, दिवस गेले, त्रास झाला, नवऱ्याला नको होतं, नवरा गावी नव्हता, अशी उत्तरं येतात. युद्धाने विस्थापित झालेल्या बायकांच्या बाबतीत यात आणखी भर पडते. दवाखाना उद्ध्वस्त होतो, औषधांचा साठा संपतो, रस्ता बंद होतो. नवरा लढाईत किंवा दूरच्या शहरात असतो म्हणून ती गोळ्या थांबवते आणि तो अचानक परतला की हाताशी काही नसतं. मूल गमावलेल्या घरात पुन्हा मूल हवंसं वाटतं, तेही खरं कारण आहे. आपत्तीत तातडीने द्यायच्या किमान प्रजनन आरोग्य सेवांचा एक आंतरराष्ट्रीय संच आहे. त्यात नको असलेली गर्भधारणा टाळणं हे स्वतंत्र उद्दिष्ट म्हणून आलं ते २०१८ मध्ये. फार उशीर झाला, असं माझं मत.

मराठवाड्यात युद्ध नाही, आणि ऊसतोडीला युद्ध म्हणणं दोन्हीकडच्या बायकांवर अन्याय होईल. साम्य एकाच गोष्टीत आहे: बाई एकीकडे, तिची सेवा दुसरीकडे. इथे तर नवरा-बायको जोडीनेच जातात, जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. त्यामुळे नवरा लांब असल्याने धोका नाही, असंही होत नाही.

सुई सुटण्याचं दुसरं मोठं कारण शरीरातलं. ‘अंतरा’मध्ये प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं संप्रेरक असतं. त्याने बीजांडकोशातून बीज सुटणं थांबतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर पातळ राहतं. या पातळ अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक असतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत वेळी-अवेळी अंगावरून जातं. पुढे अस्तर वाढतच नाही, त्यामुळे पडायलाही काही उरत नाही आणि पाळी बंद होते. वर्षभर सुई घेणाऱ्या साधारण निम्म्या बायकांना हा अनुभव येतो. ‘रक्त आत साठतंय’ ही भीती गावोगाव ऐकू येते, पण साठायला मुळात रक्त तयारच झालेलं नसतं.

फडात याचा अर्थ काय होतो ते पाहा. पाणी नाही, आडोसा नाही, पहाटेपासून मोळ्या वाहायच्या. पाळी बंद झाली तर तिला बरंच वाटेल. पण तिथवर पोचण्याआधीचे अंगावरून जाण्याचे महिने नेमके हंगामात येतात. मग कुणीतरी ‘पिशवी’त, म्हणजे गर्भाशयात बिघाड आहे म्हणून सांगतं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागची कारणं अनेक आहेत, सगळा दोष सुईवर टाकता येणार नाही. पण अंगावरून जाण्याकडे इथे किती घाबरून पाहिलं जातं, हे त्यावरून दिसतं.

सुई देतानाच ‘दोन-तीन महिने असं होईल, घाबरू नका’ असं नीट सांगितलं तर बायका टिकतात, असं अनेक देशांत दिसलंय. सांगायला फक्त पाच मिनिटं लागतात. तेवढीच नेमकी उपकेंद्रात सापडत नाहीत.

मग जाताना काय न्यावं? ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत घडलेली, बिनसंप्रेरकाची. पहिले तीन महिने आठवड्याला दोन, मग एकच. सहा महिन्यांच्या चाळीसेक गोळ्या सामानात सहज मावतात. पाळी मात्र लांबू शकते, हे आधी माहीत हवं. तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवली तर हंगामाची काळजीच नाही, तिचा ३८० ए हा प्रकार दहा वर्षं चालतो. कांगोच्या अशांत भागात वर्षभरानंतर पाहिलं, तेव्हा लांब मुदतीची साधनं चालू ठेवणाऱ्या बायकांचं प्रमाण गोळ्या-सुयांपेक्षा जास्त होतं. मात्र हे वाचताना एक विचारावं: ज्यांना साधन काढून हवं होतं, त्यांना काढणारं कुणी जवळ होतं का? गोळी बाई स्वतः थांबवू शकते. तांबी काढायला नर्सबाई लागतात आणि त्या फडाच्या जवळपास असायला हव्यात.