नवे नियमपुस्तक आणि चालू कॅम्पेन

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममधील (टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेत आणि फासे टाकत खेळायच्या खेळातील) एकच कथा, म्हणजे कॅम्पेन, काही महिने आणि कधी कित्येक वर्षे चालते. ती चालू असतानाच प्रकाशक नवे नियमपुस्तक आणतो, तेव्हा ते स्वीकारायचे की नाही हे त्या टेबलावरची मंडळी ठरवतात. गेम मास्टरचा, म्हणजे कथा चालवणाऱ्याचा, शब्द सहसा शेवटचा असतो. पण खेळाडूने पुस्तक आधीच विकत घेतलेले असेल, तर नकार देणे अवघड जाते.

पुरवणी पुस्तकांचा त्रास सावकाश जाणवतो. नवे वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार), नवे मंत्र आणि जुन्यांहून किंचित सरस पर्याय येत राहतात. खेळाडू याला ‘पॉवर क्रीप’ म्हणतात. एकेकटे पाहिले तर पर्याय निरुपद्रवी असतात, गोंधळ होतो तो त्यांच्या जोड्यांमुळे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ या संघटित खेळात एके काळी मूळ खेळाडू-पुस्तक आणि आणखी एकच पुस्तक वापरायची मुभा होती, ती याच कारणाने. गेम मास्टरच्या वाचनाचा भारही त्यामुळे हलका होत असे, हा फायदा कमी लेखू नये.

नवी आवृत्ती आली की मात्र पायाच हलतो. २००० साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तिसऱ्या आवृत्तीने आर्मर क्लासची, म्हणजे बचावाच्या आकड्याची, दिशाच उलटवली: आधी आकडा जितका कमी तितका बचाव चांगला, आता जितका जास्त तितका चांगला. जुन्या वहीतल्या राक्षसांचे आकडे नव्याने मांडावे लागले. बदल लहान असला तरी टेबलावर खोळंबा होतोच. ‘क्युअर वून्ड्स’ हा मंत्र पहिल्या पातळीवर २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे एका आठ-बाजूंच्या फाशाइतकी जखम भरतो, २०२४ च्या पुस्तकाप्रमाणे दोन फाशांइतकी. एकाच टेबलावर दोन्ही पुस्तके असली, तर आधी कोणते धरायचे ते ठरवावे लागते.

काही वेळा प्रकाशकच हा बदल कथेत मुरवतो. याच खेळाच्या ‘फरगॉटन रिल्म्स’ या काल्पनिक जगात पहिल्या आवृत्तीकडून दुसरीकडे जाताना देव माणसांत उतरले आणि मारेकऱ्यांचा वर्ग नियमांतून गेला म्हणून कथेतले मारेकरीही मेले. चौथ्या आवृत्तीसाठी ‘स्पेलप्लेग’ नावाचे जादूचे संकट आणून काळ सुमारे शतकभर पुढे ढकलला गेला. युक्ती कल्पक खरी, पण ज्यांची पात्रे त्या शंभर वर्षांत म्हातारी होऊन संपणार होती, त्यांना ती कितपत रुचावी?

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली तेव्हा तर ‘लिव्हिंग ग्रेहॉक’ हे २००० पासून चाललेले, अनेक देशांत वाटलेले सामायिक कॅम्पेनच संपले. तिसऱ्या आवृत्तीचे नियम सोडायची तयारी नसलेल्यांना २०००च्या ‘ओपन गेम लायसन्स’चा, म्हणजे हे नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या परवान्याचा, आधार मिळाला. त्याच्या बळावर पायझो या प्रकाशकाने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढला आणि जुन्या नियमांच्या सुधारित रूपाला नव्या पुस्तकांचा पुरवठा चालू राहिला. २०२३ च्या जानेवारीत त्याच लायसन्समध्ये बदल करण्याचा मसुदा फुटला तेव्हा खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची प्रकाशक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्टने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या सर्वांसाठीच्या परवान्याखाली खुले केले.

सगळ्याच खेळांत ही उलथापालथ होत नाही. १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळाचा शतमानाचा (१ ते १०० आकडा देणारा) फासा आवृत्त्यांमागून आवृत्त्या टिकला आहे, आणि त्याच्या जुन्या छापील कथा आजही किरकोळ फेरफार करून खेळली जातात.